लग्नाचे कुंपण आणि आपण

दि. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर निकाल दिला. लग्न करणे हा मुळात मूलभूत हक्कच नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. दि. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. एवढ्या काळात आपल्या शिबिरांतून, अभ्यासवर्गांतून, जयंतीच्या व्याख्यानमालांतून या निकालाची गंभीर चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही. मी स्वतःही ती केली नाही. म्हणून या लेखातील टीकेची सुरुवात मला माझ्यापासून करावी लागते.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या वसतिगृहातील मुलांनी अभ्यासवर्ग ठेवला होता. मी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या विषयावर बोललो. जात मोडायची असेल तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा विचार मी माझ्या परीने आवेशाने मांडला. शेवटी एका मुलाने विचारले, “सर, जातीबाहेर लग्न करा असं बाबासाहेब सांगतात. पण ज्याला बाईशी लग्नच करता येणार नाही, त्यानं जात कशी मोडायची?” मुले हसली. मीही हसलो, आणि म्हणालो, “हे पुण्यामुंबईच्या सुखवस्तू लोकांचे प्रश्न आहेत. आपल्यापुढं आधी पोटाचे प्रश्न आहेत.” मुलगा खाली बसला. त्याचा बाप ऊसतोडीला जात होता. पोटाचा प्रश्न काय असतो हे त्याला माझ्याकडून शिकण्याची गरज नव्हती.

माझ्या या उत्तराला पुढे एक विचित्र सोबत मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात म्हणणे मांडले, की या याचिका म्हणजे निव्वळ शहरी उच्चभ्रू दृष्टिकोन आहे. मी वसतिगृहात जे बोललो, तेच सरकार दिल्लीत बोलत होते. एरवी ज्या सत्तेच्या प्रत्येक शब्दाची आपण चिरफाड करतो, तिचा हा शब्द मात्र आपल्या तोंडी आधीपासून बसलेला होता. असे का व्हावे? सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात या युक्तिवादाला उत्तर दिले: समलिंगी असणे हे शहरापुरते वा श्रीमंतांपुरते नाही, खेड्यात शेतावर राबणारी बाईही तशी असू शकते. ही गोष्ट न्यायमूर्तींच्या आधी आपल्याला कळायला हवी होती. कारण आपण त्या खेड्यातूनच आलेलो आहोत.

आता थोडा मागचा हिशेब पाहू. भारतीय दंडविधान इंग्रजांनी १८६० साली केले आणि १८६२ पासून ते अमलात आले. त्यातील ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. त्यानंतर १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसंबंधी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचीही नोंदवही, त्यांच्यावरही पोलिसांची पाळत. बाईचा वेष करून रस्त्यावर नाचणे हाही गुन्हा. ज्या लेखणीने भटक्याविमुक्तांच्या कपाळावर शिक्का मारला, तिनेच तो यांच्याही कपाळावर मारला. ३१ ऑगस्ट १९५२ हा विमुक्तीचा दिवस आपण पाळतो. त्या कायद्याच्या दुसऱ्या भागातील माणसांची आठवण मात्र त्या दिवशी कोणी काढत नाही.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नाझ फाउंडेशन’च्या याचिकेवर निकाल देऊन प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालाचा कणा होता संविधानिक नीतिमत्ता, आणि हा शब्द न्यायालयाने घेतला तो बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणातून. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. कारणांत एक कारण असे होते, की ही माणसे लोकसंख्येचा अत्यंत क्षुल्लक अंश आहेत. या वाक्यावर आपण तेव्हाच पेटून उठायला हवे होते. माणसाचा हक्क डोकी मोजून ठरत असेल, तर गावाच्या एका टोकाला असलेल्या वीस घरांच्या वस्तीने पाणी कोणाच्या जोरावर मागायचे? १९२७ साली चवदार तळ्यावर आपण गेलो ते बहुसंख्य होतो म्हणून नव्हे. आपण माणसे होतो म्हणून.

१५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख मिळाली. त्यांना मागास वर्ग मानून आरक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ चा फास पुन्हा सुटला, आणि त्या निकालातही संविधानिक नीतिमत्ता हाच आधार होता. म्हणजे पाहा: बाबासाहेबांचा शब्द घेऊन ही माणसे न्यायालयात लढली आणि जिंकली. बाबासाहेबांचे वारस म्हणवणारे आपण मात्र तेव्हा प्रेक्षकांतही नव्हतो.

यानंतरचा टप्पा लग्नाचा. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली. निकालात चंद्रचूड आणि कौल या दोन न्यायमूर्तींनी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याची मान्यता आणि मूल दत्तक घेण्याचा हक्क असावा असे मत दिले. भट, कोहली आणि नरसिंहा या तिघांनी ते नाकारले. तिघांचे मत तो निकाल ठरला. पारलिंगी व्यक्तींनी स्त्री-पुरुष या नात्याने केलेले लग्न मात्र चालू कायद्यांखाली वैध ठरेल, हे सर्वांनी मान्य केले. बाकी सारे एका सरकारी समितीवर सोपवले गेले.

बहुमताच्या निकालपत्रातील एका युक्तिवादाची इथे समीक्षा केली पाहिजे. तो असा, की लग्न ही राज्यसंस्थेच्या आधीपासूनची सामाजिक संस्था आहे; राज्य तिला मान्यता देते, नियम लावते; पण नव्या प्रकारचे लग्न निर्माण करायला न्यायालय राज्याला भाग पाडू शकत नाही. वाचताना हे विधान समंजस वाटते. पण ते आपल्या वस्तीत आणून पाहा. राज्याच्या आधीपासून इथे आणखी काय काय होते? गावकुसाबाहेरचे घर राज्याच्या आधीपासून होते. बलुते आधीपासून होते. वेगळा पाणवठा आधीपासून होता. संविधानाने यातल्या एकालाही, ती फार जुनी आहे म्हणून सूट दिली नाही. मग लग्नालाच ती का?

आणि लग्न तरी जसेच्या तसे कुठे राहिले आहे? १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्ने लावली. तेव्हाही ‘हे लग्नच नव्हे’ असे म्हणणारे होतेच. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली १९६७ साली, अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती केल्यावर. तोवर ती लग्नेही कायद्याच्या लेखी लग्ने नव्हती. घटस्फोट, द्विभार्याप्रतिबंध, मुलीचा वारसा यांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. धर्म बुडतो, कुटुंब मोडते, परंपरा तुटते, हे सारे तेव्हाही संसदेत ऐकवले गेले. लग्न हे प्रत्येक वेळी माणसांनी भांडून बदललेले आहे. त्या भांडणाऱ्यांत आपले पूर्वज पहिल्या रांगेत होते.

फेरविचार याचिका फेटाळणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते, जे त्याच वर्षी पुढे सरन्यायाधीश झाले. मी त्यांना दोष देत नाही. फेरविचाराची कक्षा अरुंद असते हे मला समजते. पण आपला माणूस आसनावर बसला म्हणजे आपला विचारही आपोआप आसनावर बसतो, ही आपली भाबडी समजूत तपासून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे. विचार चळवळीने आधी मांडावा लागतो. आपण तो मांडलाच नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. समलिंगी विवाहाचा आणि जातीचा संबंध काय?

बाबासाहेबांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात जातीवरील निबंध वाचला. जातीचे सार त्यांनी एका गोष्टीत पाहिले: जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचे तर जातीतल्या लग्नायोग्य बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहावी लागते. नवरा मेला की बाई ‘जादा’ उरते, बायको मेली की पुरुष ‘जादा’ उरतो. असा जादा जीव जातीबाहेर जाऊन कुंपण मोडील ही भीती. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. इथवर बाबासाहेब. यापुढचा निष्कर्ष माझा आहे, त्याची जबाबदारीही माझी. ज्या पुरुषाला बाई नको आणि ज्या बाईला पुरुष नको, ते या हिशेबात कधीच न बसणारे जीव आहेत. कोणी मेले म्हणून ते जादा उरत नाहीत; ते उपजतच हिशेबाबाहेर असतात. म्हणून जात त्यांना मोकळे सोडत नाही. त्यांचे लग्न लावून टाकते. विधवेला कोंडणारे आणि या मुलाला बोहल्यावर चढवणारे हात एकच आहेत. आंतरजातीय जोडप्याच्या मागे कुऱ्हाड घेऊन धावणारे हातही तेच.

हा संबंध कायद्यातही दिसतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते आणि तिच्यावर कोणीही हरकत घेऊ शकतो. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींचा जीव या तीस दिवसांत टांगणीला लागतो, हे आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहे. २०२३ च्या याचिकांपैकी एका याचिकेत नेमक्या या नोटिशीलाही आव्हान होते. समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्तींनी केलेली ती याचिका होती. घरचेच मारझोड करतात, कोंडतात, तेव्हा जन्माचे कुटुंब हेच कुटुंब का मानायचे, असा तिचा सवाल होता. तो सवाल जितका त्यांचा, तितकाच आपल्या पळून गेलेल्या लेकीसुनांचा. ती नोटीस आजही तिथेच आहे. हा लढा एकत्र लढता आला असता.

पण मी केवळ आपल्यालाच झोडपून थांबणार नाही. समलिंगी हक्कांच्या चळवळीलाही काही विचारले पाहिजे. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका वृत्तपत्रात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. देशभर तिचे कौतुक झाले, आणि त्या आईच्या धैर्याबद्दल मलाही आदर आहे. पण त्या जाहिरातीत शाकाहारी वर हवा होता, आणि जातीची अट नाही असे म्हणून पुढे कंसात स्वतःच्या पोटजातीला पसंती होती. ते थट्टेने लिहिले होते, असा खुलासा झाला. मान्य. पण थट्टा कशाची सुचते, यावरूनच माणसाचे घर कळते. ज्याच्या ताटावरून आणि आडनावावरून आयुष्यभर निवड झाली, त्याला ही थट्टा सुचणार नाही. पुरुषाने पुरुषाशी लग्न केले तरी जात मोडतेच असे नाही. जात ही फार पचनशक्ती असलेली गोष्ट आहे. दोन नवरे तिला सहज पचतील, ते एकाच ताटातले असले म्हणजे झाले. लग्नाचा हक्क मिळालाच पाहिजे. मात्र तो कुंपणाच्या आतल्या आत मिळणार असेल, तर तो सवर्ण घरांचा वारसाहक्क ठरेल, मुक्ती ठरणार नाही.

म्हणूनच आपल्यातून पुढे आलेल्या माणसांच्या मागण्या वेगळ्या आहेत. तमिळनाडूच्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू गेली कित्येक वर्षे समांतर आरक्षण मागत आहेत. कारण साऱ्या तृतीयपंथीयांना एकाच मागास गटात टाकले, तर दलित तृतीयपंथीयाला आपली जात आणि आपले लिंग यांत एकाचीच निवड करावी लागते. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. इंद्रधनुषी झेंड्याच्या मिरवणुकांतून ही मागणी किती जोराने उठते? आणि आपल्या मोर्चांतून तरी किती?

साहित्यातही हीच फाळणी आहे. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. बाईवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगभूमीने तेव्हा पाहिली. २००६ साली सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. दोन्ही कृतींत पांढरपेशा घराची घुसमट आहे, आणि ती खरी आहे. पण याच भाषेत राजन गवस यांनी ‘भंडारभोग’ लिहिली. त्यातला जोगता यल्लम्माला सोडलेला आहे. साडी नेसून, परडी घेऊन तो जोगवा मागतो. मध्यमवर्गीय मुलाला आपले वेगळेपण लपवावे लागते. जोगत्याला ते गळ्यात घालून गावभर फिरावे लागते. एकाची शिक्षा गुप्ततेची, दुसऱ्याची देवाच्या नावाने भीक मागण्याची. आपल्या समीक्षेने ‘भंडारभोग’ला देवदासीप्रथेच्या खणात ठेवले आणि बाकीच्या दोन कृतींना लैंगिकतेच्या. हे दोन खण एकच प्रश्न आहेत, असे म्हणायला आपल्याला कोणी अडवले होते? आता दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री स्वतःच्या देहाबद्दल स्वतः लिहू लागली आहे. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिणे आणि आपण आपल्याविषयी लिहिणे यातला फरक दलित वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या परंपरेत या विचाराला आधार नाही, असे कोणी म्हणू नये. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले होते, त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, आणि कर्व्यांनी उत्तरे दिली होती. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून कोण उभे राहिले? बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. महाड आणि काळाराम यांच्यानंतरचे ते दिवस होते. पुण्याचा करार होऊन दोनच वर्षे झाली होती. आधी पोटाचे, आधी पाण्याचे असे कारण सांगून वकीलपत्र नाकारायला त्यांच्यापाशी माझ्याहून कितीतरी मोठी सबब होती. त्यांनी ती सांगितली नाही.

१९७२ साली आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या पँथरचा एक संस्थापक ह्यूई न्यूटन याने १५ ऑगस्ट १९७० रोजीच आपल्या साथींना बजावले होते, की समलिंगींविषयीची आपली भीती आणि तुच्छता टाकून द्या, त्यांची चळवळ ही आपली मित्र चळवळ आहे. आपण नाव घेतले, आवेश घेतला; हे भाषण राहून गेले. पण १९७३ च्या आपल्या जाहीरनाम्याने दलित शब्दाची व्याख्या केली तेव्हा तिच्यात स्त्रिया घेतल्या, आणि धर्माच्या नावाने पिळले जाणारे सारे घेतले. त्या व्याख्येचे दार उघडेच आहे. दारात आपण उभे आहोत.

निकालानंतर काही तुकडे मिळाले. २०२४ साली बँकेत संयुक्त खाते उघडायला अडचण नाही, रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच घरातले मानावे, असे खुलासे सरकारने केले. २०२५ च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडकवलेल्या एका तरुणीला तिच्या जोडीदार स्त्रीबरोबर जाण्यास मोकळीक दिली आणि लग्न हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही असे म्हटले. उलट बाजूला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३७७ चे कलम समूळ गेले. त्यामुळे प्रौढ पुरुषावर वा तृतीयपंथीयावर बलात्कार झाला तर तसे म्हणणारे कलमच उरले नाही. शेजारच्या नेपाळात २०२३ साली असे लग्न नोंदले गेले, थायलंडात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. आपल्याकडे वारसा, पेन्शन, अनुकंपा नोकरी यांपैकी काहीही लग्नाच्या दाखल्याशिवाय मिळत नाही. आणि अनुकंपा नोकरीवर कोणाच्या चुली पेटतात, हे सफाई कामगारांच्या वस्तीत विचारा. हा उच्चभ्रूंचा प्रश्न आहे का, याचे उत्तर तिथे मिळेल.

शेवटी त्या मुलाविषयी. २०२१ साली त्याचे लग्न झाले. मामाच्या मुलीशी. मला आग्रहाचे बोलावणे होते. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेपुढे वंदना झाली, आणि मी माइक हातात घेऊन उपदेशपर चार शब्द बोललो. हुंड्याशिवाय, साधेपणाने लग्न झाल्याबद्दल दोन्ही घरांचे अभिनंदन केले. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले. मी जेवून आलो. दीड वर्षाने मुलगी माहेरी परतली. वस्तीत सगळे तिलाच नावे ठेवत होते. तिच्यातच काही कमी असेल म्हणत होते. ती एका अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलगा पुण्याकडे कुठे कंपनीत लागला, एवढेच त्याचा बाप सांगतो. दोन्ही घरे नात्यातली. आता बोलत नाहीत. त्या मुलीचे आयुष्य कोणत्या मनुस्मृतीने नासवले? कोणताही भट तिथे नव्हता. आम्हीच होतो.

माझ्या परीने मी एवढेच सुचवतो. येत्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्यावा, आणि वक्ता म्हणून ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांनाच बोलवावे. तीस दिवसांची नोटीस रद्द करण्याची मागणी आंतरजातीय आणि समलिंगी जोडप्यांनी मिळून करावी. समांतर आरक्षणाचा ठराव आपल्या संघटनांनी करावा. आणि वस्तीत कोणा मुलाचे, मुलीचे लग्न मनाविरुद्ध लावले जात असेल, तर उपदेशाचे चार शब्द बोलायला उठण्याआधी त्यांना एकांतात एकदा विचारावे. मी विचारले नव्हते.